डाव्या खांद्यासाठी लाकूड

यंदा अमरावतीत थंडी उशिरा आली आणि आली ती वारा घेऊन. सकाळी गच्चीवर मेथी निवडत बसलेल्या सुनंदाने शाल ओढून घेतली आणि म्हणाली, हा वारा तर तुबलीसारखा आहे. आमच्या तीस वर्षांच्या संसारातली अकरा वर्षं बहरीनमध्ये गेली, पण तुबलीतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये ती उभ्या आयुष्यात दोनदा आली असेल. तरी बोलली ते बरोबर. कोरडा, सरळ नाकात शिरणारा, कुठल्या दिशेचा आहे ते कळू न देणारा वारा. मी हातातला पेपर खाली ठेवला आणि मग दिवसभर मला काही सुचलं नाही. नव्वदीच्या दशकातला, कुवेतची लढाई संपून तीन-चार वर्षं झाल्यानंतरचा तिथला एक हिवाळा डोक्यात फिरत राहिला. त्या हिवाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती चूक वाईट होती की चांगली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. साठी उलटली, सगळ्यांना सल्ले देऊन झाले, पण या एका बाबतीत मी होतो तिथेच आहे.

बहरीनचा हिवाळा आधी कानांना कळतो. आठ महिने एसी घरघरत असतो. मग नोव्हेंबरातल्या एखाद्या संध्याकाळी कोणीतरी तो बंद करतं, आणि माहूजमधल्या आमच्या इमारतीत शेजारच्या घरातली भांडी, वरच्या मजल्यावरची भांडणं, खाली पोरांचं खेळणं, सगळं एकदम ऐकू यायला लागतं. आपल्याला शेजारी आहेत हे तेव्हा आठवतं. मग रिफाकडची माणसं गाड्यांवर तंबू लादून दक्षिणेच्या वाळवंटात जातात. सतरंज्या, चहाच्या किटल्या, विजेसाठी जनरेटर, सगळा संसार बरोबर. एखादा पाऊस झालाच तर वाळूवर हिरवट पोपटी पापुद्रा येतो आणि लोक तो बघायला मुलंबाळं घेऊन निघतात. आम्ही विदर्भातली माणसं, आम्हाला त्या चिमूटभर हिरव्याचं काय कौतुक असणार! पण तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून आम्हीही डबे भरून जायला लागलो.

तुबलीला मात्र हिवाळ्याचंही काही शोभेचं नव्हतं. खाडीचा कुजकट वास, गॅरेजांमधलं ऑइल, पत्र्यांचा खडखडाट आणि या सगळ्यावर आमच्या वर्कशॉपमधला लाकडाचा भुसा. आम्ही दारं, किचनची कपाटं आणि मजलिसमधल्या, म्हणजे घरातल्या पुरुषांच्या बैठकीतल्या, लांबलचक बैठका करायचो. मी तिथे ड्राफ्ट्समन होतो. आयटीआयचा कोर्स करून, दोन ठिकाणी चपला झिजवून, मग एजंटमार्फत आलेला.

आता लपवण्यात अर्थ नाही म्हणून सांगतो, मला लहानपणापासून डावं-उजवं कळत नाही. म्हणजे कळतं, पण विचार करून. उजवा म्हटलं की मी मनातल्या मनात घास घेतो, तो हात जरासा हलतो, आणि मग मला उजवीकडे वळता येतं. ड्राफ्ट्समनच्या धंद्यात हे म्हणजे आचाऱ्याला तिखट-मीठ न कळण्यासारखं आहे. पण मी सगळं दोन-दोनदा तपासायचो, आणि तपासणाऱ्या माणसाला लोक हुशार समजतात. बहरीनने माझे उरलेसुरले हाल केले. गाड्या रस्त्याच्या भलत्या बाजूने जाणार, अरबी मजकूर भलत्या बाजूने सुरू होणार, सुट्टी शुक्रवारची आणि रविवारी सकाळी कामावर हजर. ड्रायव्हिंगच्या टेस्टला मी तीनदा नापास झालो. परीक्षा घेणारा 'यमीन' म्हणजे उजवीकडे म्हणाला, की मी आधी त्याचं मराठी करायचो, मग घास घ्यायचो, आणि तोवर चौक मागे पडलेला असायचा. चौथ्यांदा पास झालो, पण घरात अब्रू परत आली नाही. मागच्या सीटवरून आमची सात वर्षांची प्रज्ञा ओरडायची, "बाबा, द अदर लेफ्ट!" सुनंदा खिडकीतून बाहेर बघत हसायची.

वर्कशॉपमध्ये माझं हे गुपित फक्त इस्माईलभाईंना ठाऊक होतं. इस्माईलभाई आमचे मुख्य सुतार, रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातले. त्यांचे वडील होड्या बांधायचे. स्वतः ते त्या हिवाळ्याच्या वीस वर्षं आधी बहरीनला आले आणि तेव्हापासून होडी सोडून सगळं बांधत होते. दुपारी आम्ही एका फळकुटावर डबे उघडायचो. त्यांचा माशाचा, माझा बहुधा वांग्याचा. माहूजच्या आमच्या घरी चौदा एप्रिलला पंधरा-वीस माणसं जमायची, बाबासाहेबांच्या फोटोला हार घालून वंदना व्हायची, त्या दिवशी इस्माईलभाई हलव्याचा डबा घेऊन न चुकता यायचे आणि दाराशी चपला काढून शेवटच्या रांगेत बसायचे. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. मी त्यांना भाई म्हणायचो, ते मला भाऊ. त्यांचं इंग्रजी मफी, म्हणजे शून्य, माझं अरबी मफी, पण कागद माझा आणि हात त्यांचा, असं आमचं चाललं होतं.

त्या नोव्हेंबरात अबू युसूफ आला. खरं नाव वेगळं, पण थोरल्या मुलाच्या नावाने तिथे बापाला हाक मारतात, म्हणून युसूफचा बाप, अबू युसूफ. रिफाला राहायचा, तेलाच्या कंपनीतून निवृत्त झालेला, साठीचा, उंच, पांढऱ्या झग्यावर करड्या रंगाचा जुना कोट घालणारा. त्याच्या घरची मजलिस आम्हीच केली होती. या वेळी तो एकटा आला आणि त्याच्या हातात चादरीत गुंडाळलेली एक फळी होती. अक्रोडाची. इतकी गडद आणि इतक्या सुंदर रेषांची, की इस्माईलभाईंनी तिला हात लावण्याआधी आपला हात पँटला पुसला.

त्याला बंदुकीचा दस्ता करून हवा होता. म्हणजे रायफलीचं लाकूड, खांद्याला टेकवतात ते. हिंदीत, मध्येच अरबीत, त्याने जे सांगितलं ते असं. तो चाळीस वर्षं दर हिवाळ्यात नेमबाजीच्या क्लबात जायचा. परवान्याची बोल्ट-अॅक्शन रायफल, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर दांडा उचलून मागे ओढायचा त्यातली. साखरेच्या आजाराने त्याचा उजवा डोळा गेला. थोडाथोडका नाही, पूर्ण गेला. दोन हिवाळे तो क्लबात जाऊन नुसता चहा पिऊन परत आला होता. डावा डोळा चांगला होता, पण डाव्या डोळ्याने नेम धरायचा तर बंदूक डाव्या खांद्याला हवी, आणि डावखुऱ्यांची बंदूक परदेशातून मागवायची म्हणजे जुन्या गाडीइतके पैसे, वर परवान्याचे कागद पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा त्याने स्वस्तातला मार्ग काढला होता. लोखंड तेच ठेवायचं, क्लबच्या कुलपातून ते हलवायचंही नाही, दांडा उजवीकडेच राहू दे, त्याच्यापर्यंत हात वळवून पोहोचू. फक्त लाकूड डाव्या खांद्याचं करायचं. क्लबचा मिस्त्री ते जोडून देणार होता. रमजान लागायच्या आधीच्या शुक्रवारी क्लबात सगळे जुने मित्र नेम लावायला जमायचे, त्या शुक्रवारी त्याला चहा प्यायचा नव्हता. एवढंच त्याचं म्हणणं होतं.

इंग्लंडात शिकणाऱ्या पुतण्याने त्याला डावखुऱ्या दस्त्याच्या नकाशाची फोटोकॉपी पाठवली होती. ती त्याने माझ्या टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे, म्हणजे त्या डाव्या डोळ्याने, बघत म्हणाला की तू कागदाचा माणूस आहेस, तू सांग. मला उगाचच मोठं वाटलं.

इथे मला थोडी धंद्यातली गोष्ट सांगावी लागेल. एखादी वस्तू तुम्ही उजवीकडून बघितली, तर ते चित्र कागदावर उजवीकडे काढायचं की डावीकडे, याच्या जगात दोन रीती आहेत. आम्हाला आयटीआयच्या मास्तरांनी पट्टी आपटून आपटून शिकवलं होतं, उजवीकडून बघ, डावीकडे काढ. तिकडच्या साहेबांच्या नकाशात उलट असतं, उजवीकडून बघा, उजवीकडेच काढा. कुठली रीत वापरली ते कागदाच्या कोपऱ्यात एका छोट्या खुणेने सांगितलेलं असतं. मी नोकरीतला प्रत्येक नकाशा हातात घेतला की आधी कोपरा बघायचो. या फोटोकॉपीला तो कोपराच नव्हता. मोठा कागद छोट्या कागदावर छापताना कडा गेल्या होत्या आणि मागच्या बाजूच्या तुटक रेषा उडून गेल्या होत्या. एक लांब चित्र बाजूचं, त्याच्या शेजारी एक छोटं चित्र टोकाकडचं. त्या छोट्या चित्रात, नेम धरताना गाल टेकवायचा जो फुगवटा असतो, तो एका अंगाला होता. एका रीतीने वाचलं तर फुगवटा दस्त्याच्या उजव्या अंगाला येतो, दुसऱ्या रीतीने डाव्या.

मी तो आमच्या मास्तरांच्या रीतीने वाचला. फुगवटा डावीकडे आला. आणि मला ते पटलं, कारण डावखुऱ्या माणसाचा फुगवटा डावीकडे असणार यात शंका घेण्यासारखं काय आहे? आयुष्यात पहिल्यांदा डाव्याचं उत्तर डावं आलं होतं.

इस्माईलभाईंनी काम सुरू केलं. ते दिवस मला त्यांच्या आवाजांसकट आठवतात. रंध्याचा सरसर आवाज, मग कानशीचा, मग पॉलिशपेपरचा, आणि अक्रोडाच्या भुश्याचा तो किंचित कडवट वास, जो खाडीच्या वासालाही हटवायचा. ते काम चालू असताना दुसरी कामं मागे पडायची आणि आमचा अरबाब, म्हणजे मालक, दारात येऊन नुसता बघून जायचा. फुगवटा आकाराला यायला लागला तेव्हा एका दुपारी इस्माईलभाईंनी कोपऱ्यातला एक वासा उचलला, खांद्याला लावला, मान वाकडी केली, मग दुसऱ्या खांद्याला लावला. आम्हा दोघांपैकी कोणीही जन्मात बंदूक हातात धरली नव्हती. बराच वेळ ते तसे उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊ, मना ह्या उलटा वाटतंय. गाल हय नाय लागत."

मी काय केलं असेल? घास घेतला, एकदा, दोनदा. कागद फिरवून बघितला. एरवी मी म्हणालो असतो, थांबा, अबू युसूफला फोन करू. पण त्या दिवशी माझ्या मनात काय आलं कोण जाणे. आयुष्यभर मी प्रत्येक वळणावर स्वतःवर संशय घेतला होता, बायकोने, मुलीने, परीक्षा घेणाऱ्याने घेतला होता, आणि आता ज्यांनी माझ्या कागदावर कधी बोट ठेवलं नव्हतं ते इस्माईलभाई घेत होते. मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, कागदावर आहे तसंच आहे, भाई. त्यांनी वासा जागेवर ठेवला. कागद बोलेल तसं लाकूड, हे त्यांचं नेहमीचं वाक्यही ते त्या दिवशी बोलले नाहीत.

डिसेंबरच्या मध्यावर अबू युसूफ लाकूड बघायला आला. नळीच्या जागी बसेल असा प्लंबिंगच्या पाइपचा तुकडा आम्ही खाचेत बसवला होता. त्याने दस्ता दोन्ही हातांत घेतला, वजन केलं, अंगठा फिरवला. मग, आपण चालता चालता पायरी आली की पाय उचलतो इतक्या सहज, त्याने तो खांद्याला लावला आणि गाल फुगवट्यावर ठेवला. गाल असा बसला की मध्ये कागद जायला जागा नव्हती. त्याने एक डोळा मिटला. तसाच उभा राहिला, आमच्या पत्र्याच्या भिंतीकडे पाइप रोखून. करवत थांबली होती. मी कौतुकाची वाट बघत होतो.

"बराबर है," तो म्हणाला. आवाज जरा बसल्यासारखा होता. "बहोत बराबर है."

तेलाचा हात मी घरीच देईन, असंही तो म्हणाला. अक्रोडाला जवसाचं तेल रोज थोडं थोडं हाताने चोळून जिरवावं लागतं, ते काम मालकानेच करावं अशी त्यांच्यात पद्धत आहे. पुन्हा चादरीत गुंडाळून तो लाकूड घेऊन गेला. त्याची गाडी वळली आणि इस्माईलभाई माझ्याकडे न बघता म्हणाले, "भाऊ, त्यानी उजव्या खांद्याला लावला. आनि डावा डोळा मिटला."

मी तिथल्या तिथे घास घेतला. हो. उजवा खांदा. बंदूक उजव्या खांद्याला लावली की उजवा गाल लाकडाच्या डाव्या अंगाला टेकतो. फुगवटा डावीकडे म्हणजे बंदूक उजव्या खांद्याची. इतकं साधं होतं. त्याच्या एकुलत्या एक अक्रोडाच्या फळीतून आम्ही त्याच्या गेलेल्या डोळ्यासाठी बंदूक करून दिली होती, आणि तो बराबर है म्हणून घेऊन गेला होता.

मला आजही नीट सांगता येत नाही की पुढचे दोन आठवडे मी गप्प का बसलो. भीती होतीच. अरबाबाला कळलं असतं तर नोकरी गेली असती, आणि व्हिसाचं नूतनीकरण तोंडावर आलेलं. पण नुसती भीती नव्हती. माझा खरंच गोंधळ उडाला होता. ज्याची बंदूक तो बराबर म्हणतो. कदाचित त्याच्या लक्षात आलं नसेल? चाळीस वर्षं बंदूक धरलेल्या माणसाच्या? कदाचित चुकून सवयीने उजव्या खांद्याला लावली असेल आणि घरी डाव्या खांद्याला लावून बघेल तेव्हा कळेल. मग फोन येईल. फोन आला नाही. वर्कशॉपचा फोन वाजला की मी धावत जाऊन उचलायचो आणि दुसऱ्याच कोणाच्या कपाटाची मापं निघायची. मध्येच मला असंही वाटायचं की डोळा गेला ही गोष्टच मी चुकीची ऐकली असेल, डावाच गेला असेल, माझं काय सांगावं.

शेवटी सुनंदाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिने विचारलं, तो शुक्रवार कधी आहे. मी म्हणालो, दोन आठवड्यांनी.

"मंग तुमी त्याले सांगून काहून नाही टाकत?" ती म्हणाली. "तो मानूस तिथं जाऊन चारचौघात उभा राहीन, तवा त्याले कळू द्याचं हाय का?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी माझ्या चुकीकडे इतका बघत बसलो होतो, की अबू युसूफचा शुक्रवार मला दिसला नव्हता. मला लाज वाटली. अजूनही हे लिहिताना वाटते आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी इस्माईलभाईंच्या पिकअपमधून आम्ही रिफाला गेलो. मी गाडी चालवायला नकार दिला होता. वाऱ्याने रस्त्यावर वाळूचे पट्टे सरकत होते. इस्माईलभाई वाटेत एकदा म्हणाले की कागद तुझा असला तरी रंधा माझा होता, दोघांनी मिळून सांगायचं. मी त्यांच्याशी चढ्या आवाजात बोललो होतो त्याची माफी मागायची होती, पण रिफा येईपर्यंत शब्द जुळले नाहीत. नंतरही जुळले नाहीत. आता इस्माईलभाई नाहीत. त्यांच्या मुलाने रत्नागिरीहून फोन केला तेव्हा मला सगळ्यात आधी तो वासा खांद्याला लावून उभे असलेले इस्माईलभाई दिसले.

मजलिसमध्ये, आम्हीच केलेल्या बैठकीवर, अबू युसूफ बसला होता. मांडीवर दस्ता, बाजूला तेलाची वाटी आणि फडकं. लाकूड मधासारखं झालं होतं. चहा आला, हालहवाल झाली, आणि मग मी उभा राहून, तोडक्यामोडक्या हिंदीत, सगळं सांगितलं. दोन रीती, कापला गेलेला कोपरा, फुगवटा उलट्या अंगाला. बोलताना मी कुठला हात कुठे दाखवला मला आठवत नाही, बहुधा तेही उलटंच दाखवलं असेल. बोलून झाल्यावर मी म्हणालो, गलती मेरा है.

त्याने फडकं घडी करून ठेवलं. "मालूम था," तो म्हणाला. "पहिला दिन मालूम था."

मला वाटलं मला हिंदी कळलं नाही. मी इस्माईलभाईंकडे बघितलं. तेही त्याच्याकडे बघत होते.

"दो साल से सब बोलता है," अबू युसूफ सावकाश सांगू लागला. "डॉक्टर बोलता, लेफ्ट. मेरा बेटा बोलता, लेफ्ट. क्लब में सब बोलता, अबू युसूफ, राइट खलास, लेफ्ट करो. तुम्हारा लकड़ी अकेला था जो राइट बोला." त्याने दस्ता उचलून पुन्हा त्याच खांद्याला लावला, क्षणभरच, आणि खाली ठेवला. "रोज असर के नमाज़ के बाद इधर बैठता हूँ, ऐसा लगाता हूँ. कुछ नहीं दिखता. फिर भी अच्छा लगता है. अब बस. अब लेफ्ट बनाओ."

मला रडू येईल असं वाटलं आणि त्याच वेळी थोडा रागही आला, की दोन आठवडे मी जिवाला घोर लावून घेतला आणि हा इथे तेल चोळत बसला होता. मग वाटलं, आपण चूक केली म्हणून या माणसाला दोन आठवडे मिळाले. मग वाटलं, असं म्हणणं म्हणजे आपली चूक गोड करून घेणं. याच्या पुढे माझा विचार आजही जात नाही. माझ्या हातून त्याचं भलं झालं, की नीट मिटत आलेली जखम मी पुन्हा उघडली? प्रज्ञा आता पुण्याला असते, मोठी झाली आहे. तिला एकदा हे सांगितलं तर म्हणाली, बाबा, तुम्ही त्यांनाच विचारायचं होतं. विचारायचं होतं हे खरं.

दुसरं अक्रोड नव्हतं आणि दिवसही नव्हते. इस्माईलभाईंनी एक दिवस लाकूड समोर ठेवून नुसतं बघितलं. मग म्हणाले, हाच फुगवटा तिकडे नेऊ. डाव्या अंगाचा फुगवटा त्यांनी पातळ करवतीने मुळापासून कापून काढला. आतलं लाकूड कोरडं होतं, तिथे तेल पोचलं नव्हतं. उजव्या अंगाचं तेलकट लाकूड रंध्याने उतरवून खालचं कोरडं लाकूड उघडं केलं, आणि कापलेला तुकडा तिथे सरसाने बसवून, पट्ट्यांनी आवळून दोन दिवस ठेवून दिला. मग कानशीने त्याला नव्याने गालासारखं वळण दिलं. या वेळी मी कागद काढला नाही. अबू युसूफला बोलावलं, त्याने डाव्या खांद्याला लावायचं, इस्माईलभाईंनी पेन्सिलीने खूण करायची, घासायचं, पुन्हा लावायचं. दिवसभर हे चाललं. मी फक्त चहा आणून दिला. पहिल्या दिवशी दस्ता ज्या सहजतेने त्याच्या खांद्यावर गेला होता तसा तो डाव्या खांद्यावर एकदाही गेला नाही. दरवेळी तो थांबायचा, खांदा शोधायचा, मान कुठे वाकवायची ते आठवायचा. सांधा शेवटपर्यंत दिसत राहिला. केसाएवढी काळी रेघ. इस्माईलभाईंना तिची लाज वाटत होती, पण अबू युसूफने तिच्यावरून बोट फिरवलं आणि दस्ता चादरीत गुंडाळून घेतला.

त्या शुक्रवारी त्याने आम्हा दोघांना बोलावलं. क्लब शहराबाहेर होता. आम्ही मागे, चहाच्या टेबलाशी उभे होतो, जिथे तो दोन हिवाळे बसला होता. थंडी होती, ऊन होतं, आणि माणसं झगे सावरत चटयांवर पालथी पडून नेम धरत होती. अबू युसूफची पाळी आली. तो सावकाश खाली झाला, बंदूक डाव्या खांद्याला घेतली, गाल टेकवला. आणि मग काहीच होईना. शेजारच्यांच्या दोन-दोन गोळ्या झाल्या. युसूफ, त्याचा मुलगा, खाली वाकला आणि बापाच्या कानाशी काहीतरी बोलला. नंतर त्याने आम्हाला सांगितलं, बाबांनी सवयीने डावा डोळा मिटून घेतला होता आणि ते अंधारात नेम धरून पडले होते.

मग पहिला आवाज झाला. दांड्याकडे हात वळवताना त्याची बंदूक दरवेळी खांद्यावरून हलायची आणि दरवेळी सगळं पुन्हा पहिल्यापासून. दहा गोळ्यांना त्याने इतका वेळ घेतला की चहा दोनदा थंड झाला. इस्माईलभाई ओठ हलवत होते.

युसूफने निशाणाचा कागद काढून आणला. मधलं काळं वर्तुळ कोरं होतं. त्याच्या आसपासही काही नव्हतं. मित्र हसले, एकाने अबू युसूफच्या पाठीवर थाप मारली. मग अबू युसूफ कागद घेऊन आमच्याकडे आला आणि खालच्या कोपऱ्यावर त्याने बोट ठेवलं. तिथे दहापैकी सात गोळ्यांची भोकं होती, सगळी एकमेकांना चिकटून, बशीखाली झाकली जातील इतकी जवळ. मला त्यातलं काही कळत नव्हतं, मी माफी मागण्याच्या तयारीत होतो.

"देखो," तो इस्माईलभाईंना म्हणाला, "सब एक जगह. लकड़ी ठीक है, हाथ ठीक है. खाली निशाना थोड़ा ऊपर सरकाना है."

इस्माईलभाईंनी कागद हातात घेतला आणि ती सात भोकं एकेक करून मोजली, मग पुन्हा मोजली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. अबू युसूफने कागद परत घेतला, चार घड्या घालून कोटाच्या खिशात ठेवला, चहा नको म्हणून हात केला, आणि पुन्हा पाळी लावायला रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.